दगडाबरोबर आलेले, फ्रॅगवरून आलेले

या पुस्तकात ज्या जीवांची वर्णनं आहेत, त्यांतले निम्म्याहून अधिक जीव कुणाचं काही बिघडवत नाहीत. उपद्रवी जीवांच्या पुस्तकात त्यांना जागा कशाला, असं वाचकाला वाटेल. कारण एवढंच, की नव्या टाकीत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मारले जातात ते हेच. खरा उपद्रवी तोवर दगडाच्या मागच्या बाजूला निवांत वाढत असतो.

रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी, हा छंद आज ज्या रूपात आहे त्याची एक सुरुवात जकार्त्यात झाली. तिथल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये ‘ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट’ या अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. त्या काळी समुद्री माशांच्या टाकीत प्रवाळ असायचं ते मेलेलं, ब्लीचमध्ये धुऊन पांढरंफेक केलेलं. एंग यांनी समुद्रातले दगड त्यांवरच्या जीवांसकट टाकीत मांडले, हवेचे बुडबुडे सोडले, वरून ऊन येऊ दिलं आणि फिल्टरला रजा दिली. प्रवाळं जगली. अशा दगडांना पुढे ‘लाइव्ह रॉक’ हे नाव पडलं. दगड म्हणजे जुन्या प्रवाळांचा चुनखडी सांगाडाच. सच्छिद्र असल्यानं त्याच्या पोटात जिवाणूंच्या वसाहती राहतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या खाण्यातून निघणारा अमोनिया हे जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. टाकीचा फिल्टर तो हाच. आणि फिल्टर जिवंत हवा असेल, तर त्याच्याबरोबर आणखी जे काही जिवंत येईल तेही पदरात घ्यावं लागतं. दुकानदार हे सांगत नाही असं नाही. पण घेणाऱ्याचं लक्ष तेव्हा प्रवाळांच्या रंगांवर असतं.

उपद्रव येण्याची दुसरी वाट म्हणजे फ्रॅग. मोठ्या प्रवाळाचा तोडलेला तुकडा सिमेंटच्या किंवा सिरॅमिकच्या छोट्या बुचावर चिकटवून विकतात, तो फ्रॅग. या पुस्तकाची सगळी मांडणी एका म्हणण्यावर बेतली आहे: दगडाबरोबर जे येतं त्याच्याकडे आधी बघत बसावं, फ्रॅगवरून जे येतं त्याला दारातच अडवावं. नवे हौशी लोक नेमकं उलट करतात. दगडातला प्रत्येक किडा चिमट्यानं ओढून काढतात आणि फ्रॅग मात्र पिशवीतून थेट टाकीत सोडतात.

दगड बघायचा तो रात्री. दिवे मालवून तास-दोन तास जाऊ द्यावेत आणि लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन काचेजवळ बसावं. यांतल्या बहुतेक जीवांना लाल उजेड जाणवत नाही, त्यामुळे ते आपल्या कामात राहतात. काचेवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके झटके देत पळतात, ते कोपेपॉड. मँडरिनसारख्या माशाचं ते मुख्य अन्न. भोकांतून केसाळ, सडपातळ हात बाहेर येऊन पाण्यात काहीतरी चाचपत असतात, ते छोटे ब्रिटल स्टार. मागे सोडलेलं खाणं उचलतात. नखाएवढे तारामासे काचेवर दिसतील, कुणाचे पाच हात सारखे नसतील. हे अॅस्टरिना, स्वतःचेच तुकडे करून वाढतात म्हणून असे वेडेवाकडे. बहुतेक अॅस्टरिना काचेवरचा शेवाळी थर खरवडून जगतात. यांतलं काहीही मारायची गरज नाही.

सगळ्यांत घाबरवतो तो ब्रिसल वर्म. बोटभर लांब, चपटा, गुलाबीसर तपकिरी, दोन्ही कडांना बारीक पांढऱ्या केसांच्या झुपक्यांची रांग. मासा रात्री मरतो, सकाळी त्याच्याभोवती असे दहा-वीस किडे दिसतात आणि खुनाचा आळ त्यांच्यावर येतो. वास्तविक मेलेलं मांस सडून पाणी नासायच्या आत ते संपवत असतात. त्यांची संख्या आपण ठरवतो: टाकीत खाणं जितकं फुकट जाईल तितके ते वाढतात. खाणं आवरलं की तेही आवरतात. हात मात्र लावू नये. ते केस कातडीत शिरून तुटतात आणि भयंकर जळजळ होते; चिकटपट्टी दाबून ओढली की बरेचसे निघून येतात.

याच घराण्यातला फायरवर्म प्रवाळ खातो, म्हणून फरक कळायला हवा. फायरवर्म जाड असतो, पांढऱ्या झुपक्यांशेजारी लाल कल्ले दिसतात आणि डोक्यावर चुण्या पडलेला मांसल उंचवटा असतो. तिसरा प्रकार युनिसिड कृमींचा. डोक्यावर पाच मिशा आणि अंगावर मोरपंखी झाक दिसली, की तो ब्रिसल वर्म नव्हे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात न्यूकी इथल्या ब्लू रीफ मत्स्यालयात २००९ मध्ये असाच एक सापडला होता. तिथल्या एका टाकीत कित्येक महिने प्रवाळं तुटलेली दिसत होती, काही तर मधोमध कापलेली. सापळे लावले, ते रात्रीतून उद्ध्वस्त झाले. शेवटी कर्मचाऱ्यांनी टाकीतले दगड एकेक करून बाहेर काढले, तेव्हा सुमारे चार फूट लांबीचा कृमी हाती आला. आमिष लावलेली जाड नायलॉनची दोरीही त्यानं तोडली होती. लोकांनी त्याचं नाव बॅरी ठेवलं आणि त्याला मारलं नाही, वेगळी टाकी दिली.

न्यूकीची गोष्ट या छंदातला प्रत्येक जण सांगतो, आणि ती ऐकून नवा माणूस बोटभर ब्रिसल वर्म मारायला धावतो. मला तिच्यात महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी नुकसान दिसलं, मग पुरावा गोळा झाला, मग दगड उचलले. शंका कृमीवर असो, खेकड्यावर असो की टकटक आवाज करणाऱ्या मँटिस श्रिंपवर, हाच क्रम पाळावा. या टकटकीचंही तेच. दगडातून तडाखा ऐकू आला की मँटिस श्रिंप घरात शिरला असं समजून लोक टाकी रिकामी करायला निघतात. पण पिस्तूल कोळंबीही तसाच आवाज काढते, आणि तिच्या काही जाती तर गोबी माशाबरोबर गुण्यागोविंदानं राहतात. मँटिसचा दणका मात्र खरा आहे. संशोधक शीला पाटेक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये मोर मँटिस या जातीच्या फटक्याचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत नोंदवला. दगडात लपून येणारे त्याचे भाऊबंद लहान असले, तरी गोगलगाई आणि खेकडे फोडून खातात. बिळाची जागा कळली की तो दगड बादलीवर धरून भोकात सोडा वॉटर ओतावं. कर्बवायू सहन न होऊन आतला प्राणी बाहेर पडतो. मग डोळ्यांनी बघून ठरवावं, मँटिस की पिस्तूल.

आता शेवाळाकडे वळू. नवी टाकी पहिल्या काही महिन्यांत कुरूप होतेच. हौशी लोक याला ‘अग्ली स्टेज’ म्हणतात. आधी वाळूवर आणि काचेवर तपकिरी धूळ बसते. ते डायटम, पाण्यातल्या सिलिकेटवर जगणारे. सिलिकेट संपत आलं की बहुधा ओसरतात. मग हिरवे केस. मग कधी वाळूवर किरमिजी, बुळबुळीत चादर पसरते, ती सायनोबॅक्टेरियाची. तिला शेवाळ म्हणण्याची रूढी असली तरी ते जिवाणू आहेत. यांच्यासाठी बाटलीतलं औषध ओतण्यापेक्षा चादर नळीनं ओढून काढणं, प्रवाह वाढवणं आणि खाणं कमी करणं मला जास्त भरवशाचं वाटतं. बुडबुड्यासारखं हिरवं चमकदार व्हॅलोनिया दिसलं तर त्याचा प्रत्येक बुडबुडा म्हणजे एकच पेशी आहे हे आठवावं आणि तो फोडू नये. दगड पाण्याबाहेर घेऊन सबंध उपटावा.

डायनोफ्लॅजेलेट, बोलीत डायनो, यांच्याकडे मात्र थांबून बघायला हवं. गेल्या काही वर्षांत त्यांचा त्रास वाढला आहे, आणि त्याचं मूळ कीड टाळण्याच्या हट्टातच आहे असं माझं मत आहे. समुद्रातला दगड नको, किडे येतात, म्हणून लोक ड्राय रॉक घेतात. कारखान्यात बनवलेला किंवा जमिनीवरच्या जुन्या चुनखडीतून खणलेला. त्यात कीड नसते हे खरं. पण त्यावर दुसरंही काही नसतं. मोकळ्या पृष्ठभागावर जो पहिला येईल त्याची मालकी. त्यात नव्या मालकाचा उत्साह: आरओचं पाणी, फेसातून मळ काढणारा, ऐपतीपेक्षा मोठा स्किमर, मासे दोनच, फॉस्फेट शोषणारी पूड. तपासणीत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. या शून्याचा अभिमान वाटत असतानाच वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे धागे उगवतात आणि त्यांच्यात हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात. संध्याकाळपर्यंत ते दाट होतात, रात्री विरतात, दुसऱ्या दिवशी परत येतात. ते खाणाऱ्या गोगलगाई मरू लागतात.

डायटम समजून वाट बघत बसलो तर इथे टाकी जाते. म्हणून ओळख पटवणं भाग आहे. साधी परीक्षा अशी: थोडा चिकट गोळा टाकीच्या पाण्यात बाटलीत घालून जोरानं हलवायचा, कॉफीच्या गाळणकागदातून गाळायचा आणि खाली उतरलेलं पाणी दिव्याखाली तासभर ठेवायचं. त्यात पुन्हा धागे जमले तर डायनो. नक्की कोणता हे सांगायला शाळेतला सूक्ष्मदर्शक पुरतो, ४०० पट मोठं दाखवणारा. थेंबाच्या आकाराचा, एका टोकाला अडकून जागच्या जागी गिरक्या घेणारा तो ऑस्ट्रिऑप्सिस. अंडाकृती, वाळूवर शांतपणे सरकणारा तो अँफिडिनियम. हा फरक हौसेचा नाही. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगायला निघतो, त्यामुळे यूव्ही दिव्याच्या नळीतून पाणी फिरवलं की त्याचा बंदोबस्त होऊ शकतो. अँफिडिनियम वाळू सोडत नाही. त्याच्यावर यूव्हीचा खर्च वाया. आणि ऑस्ट्रिऑप्सिसला टाकीपुरतं समजू नये. इटलीत जेनोव्हाच्या किनाऱ्यावर २००५ च्या उन्हाळ्यात त्याचा बहर आला तेव्हा नुसत्या समुद्रावरच्या हवेनं ताप, खोकला होऊन सुमारे २०० माणसांना उपचार घ्यावे लागले.

डायनोवरचा उपाय ऐकून नव्या माणसाला धक्का बसतो: नायट्रेट आणि फॉस्फेट वाढवा. शून्यावरून मोजता येईल इतक्या पातळीवर आणा, म्हणजे बाकीच्या जीवांना वाढायला बळ येतं आणि डायनोंची जागा हळूहळू आकसते. सोबत एखाद्या जुन्या, स्थिर टाकीतली मूठभर वाळू किंवा दगडाचा तुकडा आणून टाका. म्हणजे जे किडे नको म्हणून ड्राय रॉक घेतला, तेच किडे औषध म्हणून आणावे लागतात.

दगडाबरोबर येणाऱ्यांत ज्याला मी बिनशर्त उपद्रवी म्हणेन असा जीव एप्टेशिया. हे एक छोटं अॅनिमोन. पारदर्शक तपकिरी देठ, टोकाला सुयांसारख्या निमुळत्या मिशांचं वर्तुळ, आणि बोट जवळ नेताच क्षणात बिळात गडप. दंशानं शेजारच्या प्रवाळाला भाजून काढतं. खरवडून काढलं तर तळव्याचे तुकडे दगडाला चिकटून राहतात आणि प्रत्येक तुकड्यातून नवं एप्टेशिया उगवतं; डिवचलं नाही तरी सरकता सरकता तळव्याचे कण ते मागे सोडतच असतं. गंमत अशी, की हौशी लोक ज्याचा नायनाट करू बघतात त्याला शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवतात. प्रवाळांप्रमाणेच याच्याही पेशींत एकपेशीय शैवाल राहतं, त्यामुळे प्रवाळांचं रंग उडणं समजून घ्यायला हे सोयीचं. २०१५ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंचही प्रसिद्ध झाला. निवड होण्याचं कारण तेच, जे आपल्या तक्रारीचं: सहज मरत नाही आणि झपाट्यानं वाढतं.

दोन-चार असतील तेव्हाच हात घालावा. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड थोड्या पाण्यात कालवून दाट लगदा करायचा, म्हणजे चुनाच; पानाच्या डबीतला मात्र नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. पंप बंद करायचे, सिरिंजची बोथट सुई एप्टेशियाच्या तोंडावर आणायची, टोचायची नाही. घास समजून ते मिशा मिटतं, तेव्हा लगदा सोडायचा आणि बीळ झाकून टाकायचं. एका बैठकीत थोडीच मारावीत, नाहीतर पाण्याचा पीएच चढतो. पेपरमिंट कोळंबी एप्टेशिया खाते, पण सगळ्याच खातात असं नाही, आणि तिच्या नावाखाली कॅमल कोळंबी विकली जाते. पाठीला कुबड आणि लाल अंगावर ठळक पांढऱ्या रेघा असतील तर ती कॅमल, आणि ती प्रवाळांचेच लचके तोडते. बर्घिया नावाची चिमुकली सागरी गोगलगाय एप्टेशियाखेरीज काही खात नाही. ती कामाची खरी, पण एप्टेशिया संपलं की तिची उपासमार होते, तेव्हा ती पुढच्या गरजूला द्यावी. कॉपरबँड बटरफ्लाय माशाची शिफारस मी करणार नाही. टाकीत तो खायलाच सहसा लागत नाही आणि एका उपद्रवापायी एक सुंदर मासा उपाशी मरतो.

फ्रॅगवरून येणारे जीव वेगळ्या जातीचे. दगडातला किडा बहुधा सर्वभक्षी असतो, फ्रॅगवरचा एकाच प्रवाळावर पोसलेला. अॅक्रोपोरा हे प्रवाळ खाणारा चपटा कृमी ज्याचं मांस खातो त्याचाच रंग अंगावर घेऊन बसतो. डोळ्यांसमोर असून दिसत नाही. दिसतात ते त्याच्या चाव्याचे फिकट गोल डाग. हौशी लोकांच्या टाक्या त्यानं आधीच उजाड केल्या होत्या, शास्त्रीय नाव मिळालं २०११ मध्ये, आणि खुल्या समुद्रात, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, तो सापडल्याची पहिली नोंद झाली २०१२ मध्ये. माँटिपोरा हे प्रवाळ खाणाऱ्या न्यूडिब्रँक या पांढऱ्या सागरी गोगलगाईचं असंच. तिला नाव मिळायला २०२० उजाडलं. म्हणजे या बाबतीत हौशी माणसाची टिपणवही शास्त्राच्या पुढे होती, आणि या पुस्तकात मी अशा टिपणांना मुद्दाम जागा दिली आहे.

असे जीव एकदा मोठ्या टाकीत शिरले की प्रत्येक प्रवाळ उचलून धुण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून नवा फ्रॅग आला की आधी त्याचं बूच तोडून फेकावं. अंडी बहुधा तिथे, उघड्या सांगाड्यावर असतात. मग वेगळ्या भांड्यात, टाकीच्याच पाण्यात, आयोडीनच्या किंवा तयार मिळणाऱ्या द्रावणात सांगितलेला वेळ बुचकळून पिचकारीनं झोडपावं, आणि भांड्याच्या तळाशी काय पडलं ते भिंगातून पाहावं. औषधानं कृमी सुटतो, अंडी मरत नाहीत. अंडी फुटायला लागणारा वेळ पाण्याच्या तापमानावर ठरतो, तेव्हा काही आठवडे फ्रॅग वेगळ्या टाकीत ठेवून धुणं पुन्हापुन्हा करावं. अॅक्रोपोरावरच्या लाल ठिपक्याच्या सूक्ष्म ‘रेड बग’वर कुत्र्यांच्या जंतांवरचं एक औषध चालतं, पण त्यानं टाकीतल्या कोळंब्या आणि खेकडेही मरतात. विलगीकरणाची छोटी टाकी कंटाळवाणी असते हे कबूल. तरी नव्या माणसानं पहिला मासा घेण्याआधी तीच लावावी, असा माझा आग्रह आहे.

एक इशारा जीवाशी संबंधित, वाचकाच्या. पॅलिथोआ हे तपकिरी बटणांसारखे पॉलिप दगडावर फुकट येतात आणि टाकीभर पसरतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जालीम विष असतं. हवाईतल्या मॉवी बेटाच्या लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. मूर आणि शॉयर या संशोधकांनी १९७१ मध्ये ते शुद्ध रूपात वेगळं केल्याचं प्रसिद्ध केलं. अलास्कात अँकरेजला २०१४ मध्ये एका घरात अशा पॉलिपांची हलवाहलव झाली आणि घरातली माणसं आजारी पडून रुग्णालयात पोचली. म्हणून दगड कधीही उकळू नये; वाफेतून विष श्वासात जातं. गरम पाणी ओतू नये, कोरड्या ब्रशनं घासू नये, हातमोजे आणि चष्म्याशिवाय पॅलिथोआला हात लावू नये. सबंध दगडच बाहेर काढणं उत्तम.

मराठी वाचकासाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. भारतात खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलणं हा गुन्हा आहे. मुंबईत कोस्टल रोडच्या कामासाठी वरळी आणि हाजी अली इथली प्रवाळंही २०२० मध्ये रीतसर परवानगी काढूनच हलवावी लागली. त्यामुळे पुस्तकातले दाखले मुख्यतः अमेरिका आणि युरोपातल्या टाक्यांचे आहेत. तिथे राहून ही हौस करणाऱ्या मराठी माणसांना ते थेट उपयोगी पडतील. इथल्या वाचकानं प्रवाळ घेण्याआधी ते कुठून आलं याचे कागद बघावेत.

आणि शेवटचं प्रकरण टाकीतून बाहेर काढलेल्या गोष्टींचं आहे. सजावटीसाठी टाक्यांत वाढवलेलं कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात पहिल्यांदा दिसलं, साधारण एक चौरस मीटरचा तुकडा. तो वेळीच उपटला गेला नाही आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यानं पसरत गेला. तेच शेवाळ २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या अॅग्वा हेडिओंडा खाजणात सापडलं, तेव्हा तिथे लगेच त्यावर ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडलं गेलं. खाजण मोकळं झाल्याचं जाहीर करायला २००६ साल उजाडलं आणि खर्च ७० लाख डॉलरच्या वर गेला. म्हणून उपटलेलं शेवाळ, खरवडलेले दगड आणि मेलेले कृमी गटारात, नाल्यात किंवा समुद्रात टाकू नयेत. घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून चोवीस तास फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि मग सुक्या कचऱ्यात द्यावेत. टाकीतून उपसलेलं पाणी घरातल्या मोरीत ओतावं, पावसाळी गटारात नव्हे.